शेजारचा ब्रेक

लेक नापास झाली तर बापाला काय मिळणार होतं, ते आधी बघून घेऊ.

पास झाली असती तर मास्तरांच्या वाट्याला आलं असतं एक "थँक्यू बाबा", फार तर एखादा फोटो. मग लेक आपल्या नोकरीच्या गावी, भुर्र. नापास झाली तर पुढच्या शनिवारची सकाळ त्यांची. त्याच्या पुढच्या शनिवारचीही. दारं बंद, काचा वर, शेजारी शेजारी बापलेक, आणि लेकीला मधेच उठून जायची सोय नाही. एरवी या धंद्यात विद्यार्थी नापास झाला की मास्तराचं नाक कापलं जातं. या एका विद्यार्थिनीपुरता नफा उलट्या बाजूला होता. मास्तर हिशेबात कच्चे, असं त्यांची बायको म्हणायची. हा हिशेब मात्र त्यांना चटकन जमला.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही, आणि स्वतः शाळेत किती शिकले हाही वादाचाच विषय. पण क्लच-ब्रेकच्या बाबतीत त्यांच्या तोंडाला लागेल असा माणूस त्या भागात नव्हता. हात थरथरणाऱ्या आज्या, नुकतं मिसरूड फुटलेले हिरो, नवऱ्याने "तुला नाही जमायचं" म्हटल्यामुळे इरेला पेटलेल्या बायका, सगळ्यांना त्यांनी रस्त्यावर आणलं. संसारही त्यांनी रस्त्यावर आणला, पण तो वेगळ्या अर्थाने.

बायको तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढायची. हात इतका हलका की सुई कधी टोचली ते कळू नये. लोक तिच्यासाठी बाकावर ताटकळत बसायचे, "त्या बाईंच्या हाताला गुण आहे" म्हणायचे. मास्तर चारचौघांत म्हणायचे, "घरी फुकट पिते, तिथे पगार घेऊन काढते." सुरुवातीला ती हसली. पुढे हसायची थांबली, पण मास्तरांनी विनोद काही थांबवला नाही. संसार मोडायला बाई नाहीतर बाटली लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे घर बघायला हवं होतं. इथे दोन्ही नव्हतं. होतं ते "अगं, राहिलंच", "उद्या बघू", "मला काय माहीत, तूच सांगायचंस ना". विजेचं बिल राहिलं, गळका नळ राहिला, एकदा तर पोहण्याच्या क्लासवर पोरगीच राहिली. घरात दोन मुलं आहेत, असं बायको धरून चालली होती. त्यातलं धाकटं तेवढं वाढत होतं. एक दिवस तिने थोरल्याची बॅग भरून दाराशी ठेवली. भांडली नाही. इस्त्री केलेले शर्ट नीट घडी घालून वर ठेवले होते. ते बघून मास्तरांना वाटलं, दोन दिवसांत बोलावेल.

बोलावलं नाही.

मुलीला ते मुंगी म्हणत, कारण रांगत होती तेव्हापासून घरातलं काहीतरी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवायची. वेगळं झाल्यावर रविवार त्यांचे. आइस्क्रीम, पाळणे, फुगे, जे मागेल ते. धमाल बाप. पण मूल मोठं होतं, आणि फुग्यांचा बाप फुग्यांच्या वयापुरताच चालतो. मुंगीचे रविवार मैत्रिणींकडे गेले, मग अभ्यासाकडे गेले. मधल्या काळात कधीतरी "ए बाबा" जाऊन "अहो बाबा" आलं. नेमकं कधी, ते मास्तरांच्या लक्षात आलं नाही. लक्षात यायला तिथे असावं लागतं.

मुंगी शिकली ती कानाची यंत्रं बसवण्याचं काम. म्हाताऱ्या माणसांचा कान तपासायचा, माप घ्यायचं, यंत्र जुळवून द्यायचं. "बापाला जन्मात काही ऐकू गेलं नाही, म्हणून पोरीने हाच धंदा धरला," असं तिची आई लॅबमध्ये सांगून हशा मिळवायची. एका कंपनीने मुंगीला घेतलं. गाडी त्यांची, गावोगाव फिरायचं, ज्यांना शहरात येणं होत नाही त्यांच्या दारात जायचं. फक्त लायसन्स हवं. जागा धरून ठेवतो, म्हणाले, पण फार दिवस नाही.

आणि एका सकाळी मुंगी ड्रायव्हिंग स्कूलच्या दारात उभी राहिली. "बाबा, मला शिकवाल?"

मास्तरांनी टेबलावरचा कप उगाचच इकडचा तिकडे केला. "बघू, वेळ कसा आहे ते," म्हणाले. वेळ कसा होता ते त्यांना पाठ होतं. रिकामा होता.

आता इथे शिकवण्याच्या गाडीची एक गोष्ट सांगायला हवी. त्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली, एक शेजारच्या सीटवर मास्तरांच्या पायाखाली, आणि दोन्ही एकाच सळईला जोडलेले. मास्तरांनी दाबला की शिकणाऱ्याचाही पेडल आपसूक खाली जातो. शिकणाऱ्याचा पाय आधीच त्यावर असेल तर त्याला वाटतं, आपणच दाबला. चांगला मास्तर सुरुवातीला असा आधार देतो. मग थोड्या दिवसांनी, काही न बोलता, आपले पाय मागे घेतो, सीटखाली टाचा टेकवतो आणि घाम पुशीत बसतो. "पाय मागे गेले की शिकवणी सुरू," असं ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाई नव्या मास्तरांना सांगत. "त्याआधी तुम्ही नुसतं फिरायला नेताय."

मास्तरांनी शेकडो लोकांसाठी पाय मागे घेतले होते. मुंगीसाठी घेतले नाहीत.

पहिल्यांदा त्यात काही कावा नव्हता, हे त्यांच्या खात्यावर मांडायलाच हवं. पोटची पोर, समोरून ट्रक, पाय मागे राहीच ना. आणि दुसरं म्हणजे गाडीत ती बोलायची. घरात, हॉटेलात, समोरासमोर बसलं की दोघांची पंचाईत व्हायची, डोळे कुठे ठेवायचे हाच प्रश्न. गाडीत दोघांनी पुढे बघायचं असतं. तिथे काहीही बोलता येतं.

"बाबा, तुम्ही मला पोहण्याच्या क्लासवरून आणायला विसरला होतात, आठवतं?"

"इंडिकेटर दे."

"दिला. आठवतं का?"

"त्या दिवशी टायर पंक्चर झालं होतं."

"आई म्हणते मॅच बघत होतात."

मास्तरांनी आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मॅचच बघत होतो," ते म्हणाले.

मुंगी हसली. "बघा, खरं बोलल्यावर गाडी बंद पडत नाही."

असं कोणी मास्तरांशी बरेच दिवसांत बोललं नव्हतं. तिला कुठली गाणी आवडतात, ती रात्री कानात बोळे घालून का झोपते, कॉलेजात कोणामुळे रडली, सगळं त्यांना त्या सीटवर कळलं. सिग्नल आला की ती ब्रेकवर हळूच पाय ठेवायची आणि मास्तरांचा पाय उरलेलं काम करायचा, लोण्यात सुरी जावी तसा. गाडी अशी अलगद थांबायची की मुंगी स्वतःवरच खूश. "माझा ब्रेक बघा कसा आहे! आईच्या हातासारखा हलका पाय आहे माझा."

"आहे खरा," मास्तर म्हणायचे.

पहिल्या परीक्षेत मास्तरांच्या सीटवर परीक्षक बसला आणि मास्तर बाहेरच्या बाकावर. चढ झाला, वळण झालं, गाडी मागे घेणं तर झकास. मग थांबायची रेघ आली आणि गाडी रेघ ओलांडून सरळ पुढे गेली. परीक्षकाने खालून ब्रेक मारला तेव्हा कुठे थांबली.

"मी दाबला होता हो बाबा," मुंगी बाहेर येऊन म्हणाली. "नेहमीएवढाच दाबला होता."

मास्तरांना त्याच क्षणी कळलं. असं कळणं फार गैरसोयीचं असतं. तोंडापर्यंत आलंही, पण तेवढ्यात मुंगीने त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. लहानपणी तापात टेकवायची तसं. मास्तर तसेच उभे राहिले, हलले नाहीत, आणि आलेलं वाक्य गिळून म्हणाले, "होतं असं. चल, कॉफी पिऊ."

त्या दिवसापर्यंतची चूक बापाची होती. पुढची हिशेबी माणसाची.

मालकीणबाई मुरलेल्या. नवऱ्यामागे शाळा चालवलेली, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांच्या खिडकीतून आवार दिसायचं.

"मास्तर, तुमचे गुडघे दिसत नाहीत."

"या वयात कुठे बघता हो बाई!"

"चावटपणा पुरे. पाय मागे घेतलेल्या माणसाचे गुडघे काचेतून वर दिसतात. तुमचा एक पाय अजून पेडलवर आहे. बाकीच्या पोरांना दहा-बारा फेऱ्यांत सोडता, हिला का नाही?"

"ती घाबरते."

"ती घाबरते?" मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं. तुमची मुलगी, तुमची गाडी. पण एक सांगते, ती गाडी माझ्या शाळेचं नाव पाठीवर लावून हिंडतेय."

मास्तरांनी ठरवलं, या शनिवारी पाय मागे. शनिवारी मुंगी बसल्या बसल्या म्हणाली, "बाबा, आज तुम्हाला एक सांगायचंय, आईला नाही सांगितलं अजून." आता अशा वेळी कोण पाय मागे घेईल? एक मुलगा होता, चांगला वाटत होता, पुढे काय करावं कळत नव्हतं. लेक बापाला विचारत होती. आईच्या आधी. मास्तरांनी दोन सल्ले दिले, दोन्ही बरे होते. पाय पेडलवरच होता.

दुसऱ्या परीक्षेत मुंगी आणखी वाईट तऱ्हेने नापास झाली. गाडी थांबवायच्या भीतीने आधीच हळू चालवायला लागली, आणि तरी थांबायच्या जागी थांबेना. कॉफीच्या दुकानात ती कपातल्या फेसाकडे बघत बसली.

"माझ्यातच काही कमी आहे का हो बाबा? तुमच्या शेजारी असले की सगळं जमतं. बाहेरचा माणूस बसला की हात-पाय दुसऱ्याचे होतात."

सांगायला याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मास्तरांनी आणखी एक कॉफी मागवली. "मनावर घेऊ नकोस. पुन्हा देऊ परीक्षा."

"कंपनीवाले म्हणतायत महिनाअखेरपर्यंतच थांबू."

"मग सराव वाढवू."

सराव तिने वाढवला, पण आईच्या गाडीवर. मास्तरांना विचारलं नाही. त्यांचा रविवार मोडू नये म्हणून, असं ती नंतर म्हणाली. रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, आई शेजारी. घराजवळच्या उतारावर सामानाचा एक ट्रक कडेला उभा होता. मुंगीने लांबूनच पाहिला, वेळेत पाहिला, ब्रेकवर अलगद पाय ठेवला आणि गाडी थांबायची वाट बघितली. आईला ट्रकचं मागचं दार मोठं होत जाताना दिसलं. तिने उजवा हात पुढे टेकवला.

वेग फार नव्हता. मुंगीला खरचटलंही नाही. आईचं मनगट गेलं, आणि अंगठ्याच्या मुळाशी हाडाचे तुकडे झाले.

मास्तर हॉस्पिटलात पोचले तेव्हा मुंगी पडद्याबाहेर उभी होती, हात स्वतःच्या काखेत दाबून. "मी दाबला होता. आई शप्पथ दाबला होता. नेहमीएवढाच. थांबलीच नाही."

आणि मास्तर काय म्हणाले? म्हणाले, "तुझ्या आईची गाडी जुनी आहे गं. ब्रेक सैल असतील."

पडद्यामागून आवाज आला, दुखण्याने बारीक झालेला पण स्वच्छ. "ब्रेक गेल्याच महिन्यात बदललेत मी. पावती आहे."

मास्तर औषधं आणायच्या निमित्ताने खाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत.

दोन दिवसांनी मुंगीचा फोन आला. आवाज सपाट. "बाबा, कंपनीला मी नाही म्हणून कळवतेय. गाडी काही मी आता चालवणार नाही. इथेच एका दुकानात जागा आहे, यंत्रं विकायची. आईजवळ राहीन, तुम्हीही आहातच. रोज संध्याकाळी मोकळी असेन."

शनिवार मागितले होते, आख्खा आठवडा मिळत होता. घसघशीत लाभ! त्यासाठी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता. ते फोन ठेवून पलंगावर बसले. लेक इथेच राहील, म्हातारी होईल, आणि जन्मभर समजत राहील की आपल्या पायात काही खोट आहे, त्या पायाने आपण आईचा हात मोडला. संध्याकाळी येऊन तेच पुन्हा पुन्हा त्यांना सांगेल. आणि ते म्हणतील, होतं असं.

मास्तरांच्या डोक्याचे केस तोवर बरेच पांढरे झाले होते. मोठं व्हायला तशी ती वेळ नव्हती. पण त्यांनी चपला घातल्या.

जेवणाच्या टेबलाशी दोघी बसल्या होत्या, आईचा हात प्लास्टरमध्ये, कोपराखाली उशी. मास्तर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं. दोन पेडल, एक सळई, मागे न घेतलेला पाय. मुंगीला आधी कळेचना.

"म्हणजे मी जेव्हा थांबवत होते तेव्हा..."

"मी थांबवत होतो."

"प्रत्येक वेळी?"

"जवळजवळ."

"पहिल्या परीक्षेनंतर तुम्हाला कळलं असेल ना?"

"कळलं."

"आणि तरी?"

"आणि तरी."

मुंगी उठली. खुर्ची मागे घसरली. "तू मला कॉफी पाजत होतास! मी तुला विचारत होते माझ्यात काय कमी आहे, आणि तू कॉफी मागवत होतास!"

किती वर्षांनी तिच्या तोंडून "तू" आलं होतं. लाज वाटावी अशी गोष्ट, पण एक क्षणभर मास्तरांना बरं वाटलं. मग तो क्षणही गेला, कारण ती आत निघून गेली आणि दाराची कडी लागली.

"तिला तुझ्याकडे मी पाठवलं होतं," मुंगीची आई म्हणाली. "ती दुसऱ्या शाळेत नाव घालून आली होती. मी काढायला लावलं. म्हटलं, एवढ्या लांब चाललीये, जायच्या आधी बापाची ओळख तरी होऊ दे."

"मला वाटलं आपणहून आली."

"वाटू दिलं मी."

मास्तर टेबलाची कड धरून उभे होते. "मला आता कळतंय बघ. इतकी वर्षं तूसुद्धा माझ्या शेजारी बसून, मी चालवतोय असं मला वाटावं म्हणून..."

"उपमा देऊ नकोस," ती म्हणाली. "गोळी घ्यायचीये. एका हाताने पाकीट फुटत नाही, तेवढं फोड."

मास्तरांनी गोळी काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवली. पाणी तिचं तिने घेतलं.

पुढचं मालकीणबाईंनी केलं. मुंगीला स्वतः घेऊन बसल्या, पहिल्या दिवसापासून टाचा सीटखाली. नवं शिकवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ जुनं पुसायला लागला. पोरगी प्रत्येक सिग्नलला इतक्या जोरात ब्रेक मारायची की मालकीणबाईंचा चष्मा दोरीला लोंबायचा. "मार, मार," त्या म्हणायच्या. "निदान तुझा तू मारतेयस." मास्तर तेव्हा दुसऱ्या गाडीत दुसऱ्या कोणालातरी शिकवत असायचे, गुडघे अगदी वर. महिना उलटला, कंपनीने ती जागा भरून टाकली. मुंगी पास झाली त्यानंतर. मग दुसऱ्या एका लहान कंपनीत लागली, आणखी लांब, आणखी कमी पगारावर, आणि गेली. कधी गेली ते मास्तरांना मालकीणबाईंकडून कळलं. सुट्टीला येते. फोन केला तर उचलते, "कसे आहात" विचारते, "ठेवू का" म्हणते. त्या चांगल्या वाटणाऱ्या मुलाचं पुढे काय झालं, ते मास्तरांना माहीत नाही.

हिवाळ्यात डॉक्टरांनी मास्तरांना साखर तपासायला सांगितली. दुसऱ्या लॅबमध्ये जाता आलं असतं. ते तिथेच गेले.

मुंगीची आई आता काउंटरमागे बसते. बाटल्यांवर नावाची चिठ्ठी चिकटवते, डाव्या हाताने, उजव्याने नुसती बाटली टेकवून धरते. मनगट जुळलं, पण अंगठ्याला बारीक काम उमजत नाही. सुई धरायची ती बोटं उरली नाहीत. मास्तरांच्या पुढे एक म्हातारे गृहस्थ होते. काउंटरवर वाकून म्हणाले, "बाई, तुम्हीच काढा ना. मी थांबतो."

"मी नाही काढत आता काका. आत जा, तो मुलगा चांगला आहे."

मुलगा चांगलाच होता, पण नवा. मास्तरांची शीर त्याला सापडेना. एकदा टोचली, चुकली. पुन्हा टोचली. काचेपलीकडून ती बघत होती, आणि बघता बघता तिची उजवी बोटं टेबलावर आपोआप जुळली, सुई धरावी तशी, आणि तशीच सुटली. तिने हात मांडीवर घेतला.

जाताना मास्तर काउंटरपाशी थांबले. काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते.

"रिपोर्ट उद्या," ती म्हणाली. "कापूस दाबून धर, नाहीतर काळंनिळं होईल." आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.

आता बेरीज करायची तर मुंगीची धरून ठेवलेली जागा गेली आणि उतारावर तिचे हात अजून घट्ट होतात. मास्तरांचे शनिवार गेले, पण ते लबाडीने मिळवलेले, त्यामुळे त्यांना तोटा झाला असं कोणी म्हणू नये. मालकीणबाईंचा चष्मा एकदा फुटला. उरलेलं सगळं त्या एका बाईने भरलं, जिला या व्यवहारात स्वतःसाठी काहीच नको होतं. तिला फक्त लेकीला बाप दाखवायचा होता.

तो तेवढा तिने दाखवला.